गोमाजीने बांधलेली पेटी

कुडपणच्या गोमाजीला सगळं जग चोर वाटायचं. त्यात कुणावर त्याचा खास राग होता असं नाही. तो सगळ्यांना सारखंच चोर समजायचा. एसटीचा कंडक्टर चोर, पोलादपूरचा वाणी चोर, मुंबई तर उभीच्या उभी चोर. देवळात शेजारी उभा असलेला माणूस डोळे मिटतो तो आपलं वहाणांकडे लक्ष नाही हे दाखवायला, असं त्याचं पक्कं मत होतं. पठारावरच्या त्या गावात आजवर कुणाची सुई चोरीला गेली नव्हती. पण हे गोमाजीला सांगावं, तर तो मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "गेली नाय, कारन मी हाय."

हे वेड त्याला लागलं दासगावच्या धक्क्यावर. तेव्हा तो विशीतला होता आणि मुंबईत एका गोदामात पोती रचायचा. लग्नाला वर्ष झालं होतं. बायकोसाठी, तुळसासाठी, त्याने पदरमोड करून हिरवं लुगडं घेतलं. बोटीने दासगावला उतरला, बोचकं डोक्यावर घेऊन दोन दिवस चालत घरी आला, चारचौघांसमोर ऐटीत गाठ सोडली, तर आत लुगडं नाही. धक्क्यावर कुणीतरी हात मारला, हे त्याने जागच्या जागी ठरवून टाकलं. तुळसाने फक्त एकदाच विचारलं होतं, "खोलीवरनं निघताना घेतलं व्हतंत ना नक्की?" त्यावर तो आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. त्यालाही आता पंचवीस वर्षं होऊन गेली होती.

पुढे गोदाम सोडून तो गावी शेतीला लागला आणि बघता बघता पेट्या बांधणारा म्हणून त्याचं नाव झालं. पठारावर घरटी एक तरी माणूस मुंबईला. गणपतीला, शिमग्याला आलेली माणसं परत निघाली की त्यांच्या पत्र्याच्या पेट्या गोमाजीच्या पुढ्यात येऊन पडत. पेटी डोक्यावरून पोलादपूरपर्यंत उतरायची, तिथून एसटीच्या टपावर चढायची, आणि टपावर मुंबईपर्यंत कोण चढतो, कोण उतरतो, हे आत बसलेल्याला काय कळणार? म्हणून गोमाजीची बांधणी भक्कम. आधी कुलूप. ते महाडच्या बाजारपेठेतल्या एका ठरलेल्या दुकानातलंच हवं. पितळी, पोटावर नाग कोरलेलं. दुसरं कुलूप आणलं तर तो पेटीला हात लावायचा नाही. मग सगळ्या पेटीला गोणपाट, दाभणात सुतळी ओवून शिवलेलं, दर सातव्या टाक्याला गाठ, म्हणजे कुणी शिवण उसवून परत शिवली तर गाठी चुकणार. आणि त्यावर काथ्याचं सुंभ, आडवे चार वेढे आणि उभे तीन. शेवटची गाठ मारताना तो सगळ्यांना तोंडं फिरवायला लावायचा. माणसं निमूट फिरवायची.

याहून मोठा नियम किल्लीचा. पेटीबरोबर तिची किल्ली जायची नाही. पेटी वरच्या वाडीतला माणूस नेणार असला, तर किल्ली खालच्या वाडीतला कुणीतरी मागच्या गाडीने आणणार. चोराने एकाला गाठलंच, तरी पेटी आणि किल्ली एका हाती पडता कामा नयेत. या नियमापायी माणसं मुंबईला पोचून दोन-दोन दिवस अंगावरच्या मळक्या कपड्यांनी कामावर जात, सोबत्यांची टिंगल ऐकत, पण नियम मोडत नसत. हळूहळू ही रीत पठारावर इतकी मुरली, की ती देवानेच घालून दिली आहे असं नव्या पोरांना वाटायला लागलं. गोमाजीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडला नाही.

एकसष्ट सालच्या माघात रंगूबाईचा महिपत विमानाने आफ्रिकेला जायला निघाला.

रंगूबाई विधवा, महिपत तिचा एकुलता एक. तो मुंबईला वाळकेश्वरच्या एका सेठकडे भांडी घासण्यापासून सुरुवात करून स्वयंपाकापर्यंत चढला होता. सेठच्या भावाचा नैरोबीत धंदा. तिकडच्या घराला भरवशाचा माणूस हवा, म्हणून महिपतची रवानगी ठरली, तीन वर्षांसाठी. निरोप घ्यायला तो गावी आला तो काळा चष्मा लावून, आणि मराठी बोलता बोलता असा अडखळत, जणू अर्धा आधीच नैरोबीला जाऊन पोचला होता. गावात विमान जवळून कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे विमानाची खडान्‌खडा माहिती सगळ्यांनाच होती. कुणी म्हणालं, वर गेल्यावर कानात कापूस घालतात. कुणी म्हणालं, आधी माणसाला झोपेचं औषध देतात. महिपत सगळ्यांना "हां, हां, वैसाच" म्हणत होता, कारण तोही अजून एकदाही विमानात बसला नव्हता.

गोमाजीने मात्र कामाचा प्रश्न विचारला. "महिपत, पेटी कुठं ठेवतात रे?"

"लगेज अलग जातं, काका. तिकडं तोलून त्यांच्या ताब्यात द्यायचं. नैरोबीला उतरल्यावर वापस मिळतं."

"म्हंजी वाटंत तुजी तिच्यावर नजर नाय?"

"नजर कशी ठेवनार? ती खाली नायतर वर, कुठं ठेवत असतील."

"वर," गोमाजी म्हणाला. "टपावर. दुसरी जागाच नाय." आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो टप उभा राहिला. ना कठडा, ना शिडी, सोसाट्याचा वारा, आणि पेटी पडली तर ती थेट समुद्रात. त्याला हुडहुडी भरली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. पंचवीस वर्षं बोटी आणि मोटारींच्या टपांसाठी खपलेल्या माणसाला शेवटी आपल्या तोलामोलाचं काम मिळालं होतं.

निघायच्या दोन दिवस आधी, दुपारी, रंगूबाईच्या अंगणात बांधणी झाली. सगळा गाव जमला. गोमाजीने पेटीत काय जायचं आणि काय नाही हेही आपल्याच हातात घेतलं. कपडे गेले. कुळथाचं पीठ, आमसुलं, मधाची बाटली गेली. मग रंगूबाईने आतून एक गोधडी आणली. तिच्या जुन्या चार लुगड्यांची, चांगली जाड, महिना खपून तिने ती शिवली होती. ती पोराच्या कपड्यांवर ठेवायला वाकली, तर गोमाजीने हात आडवा घातला.

"नाय, वैनी. गोधडीनं पेटी फुगते. फुगलेल्या पेटीचं कुलूप तानतं. तानलेलं कुलूप म्हंजी चोराला आवतान."

"दाबून बसवते मी, भावजी."

"दाबून काय, ती परत फुगनारच!"

रंगूबाईने महिपतकडे पाहिलं. महिपतने चष्मा नीट केला. "राहू दे गो आये. सेठलोकांकडं ब्लँकेट असतात. ह्ये घेऊन गेलो तर हसतील मला."

गोधडी पोटाशी धरून रंगूबाई आत गेली. तुळसा तिच्या मागोमाग गेली, आणि जाता जाता तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर त्याच्या हातातलं दाभण गळून पडलं असतं. गोमाजी सुतळी ओवत होता. त्याला ते दिसलंच नाही.

त्या दिवशी त्याने सुंभाचे वेढे दुप्पट घातले. गोणपाटही दुहेरी. मग डांबरात काडी बुडवून पेटीच्या सहाही बाजूंवर त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं : महिपत, मुक्काम कुडपण, पोस्ट पोलादपूर, जिल्हा कुलाबा. नैरोबीचा पत्ता लिहा असं महिपत म्हणाला, तर गोमाजीने त्याला वेड्यात काढलं. "नैरोबीला तू हायस की रं. पेटी हरवली तर ती घरी नको यायला?" या बोलण्यात खोट काढता येईना, म्हणून महिपतने डांबराचं भांडं पुढे सरकवलं.

किल्लीचंही त्याने ठरवून ठेवलं होतं. खालच्या वाडीतला हैबती त्याच संध्याकाळी पोलादपूरला जाणार होता. त्याने ती किल्ली पाकिटात घालून नैरोबीच्या पत्त्यावर रजिस्टर करायची. पेटी आकाशातून, किल्ली टपालातून. रजिस्टर बोटीने जाईल आणि महिनाभर लागेल, असं महिपत चाचरत म्हणाला. गोमाजीचा चेहरा खुलला. "झ्याक! म्हंजी महिनाभर पेटीला कुनी हात लावत नाय."

"पन मी काय घालू महिनाभर?"

"अंगावर हायत ती कापडं नायत काय?"

मग शेवटची गाठ मारून, दाभण उंच धरून, त्याने सगळ्या गावासमोर शब्द दिला. "नैरोबीच्या आत ही पेटी कुनी उघडली, तर ह्ये दाभन सावित्री नदीत टाकीन. परत कुनाच्या पेटीला हात लावनार नाय. गोमाजी म्हनून हाक मारू नका मला."

असा शब्द द्यायला त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. पण बांधणी सोडली तर गोमाजीजवळ होतं काय? शेत पोटापुरतं, बोलणं तिरकस, मूलबाळ नाही. दाभण हातात असलं की मात्र सगळं गाव त्याच्याकडे बघत बसे. ते एकदा गेलं की तो कुडपणचा एक म्हातारा होत चाललेला शेतकरी, एवढंच उरणार होतं, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो गाडीची चौकशी करायला पोलादपूरला गेला. तिसऱ्या दिवशी पेटी घेऊन महिपतबरोबर स्वतःही मुंबईला निघाला. विमानाच्या टपावर परक्या माणसाने पेटी बांधावी हे त्याला पटणं शक्यच नव्हतं. खांद्यावर त्याने वीस हात सुंभाची आणखी एक वळकटी घेतली होती. रंगूबाई गावाच्या वेशीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. ती रडली नाही, उलट थोडी हसल्यासारखी दिसली. पोटचा पोर चाललाय आणि बाई हसते, याचं गोमाजीला जरा नवल वाटलं.

सांताक्रूझच्या विमानतळावर ते दोघे सकाळी आठालाच पोचले. विमान दुपारी बाराचं. गोमाजीने आधी ते विमान काचेतून नीट पाहून घेतलं आणि त्याचा पहिला मुखभंग तिथेच झाला. टपावर काहीच नव्हतं. पेट्या पोटाखालच्या एका दारातून आत सरकत होत्या. त्याने खांद्यावरच्या वळकटीकडे पाहिलं, मग परत विमानाकडे. "नव्या तऱ्हेचं दिसतंय," तो म्हणाला.

महिपतच्या पेटीला रांगेत पाहून माणसं वाट सोडत होती. बाकीच्यांच्या बॅगा चामड्याच्या, एक पट्टा लावलेल्या, एवढीशी कुलपं. मधोमध ही काळ्या अक्षरांची, सुंभाने आवळलेली, डांबराचा वास मारणारी वस्तू. ती टेबलावर ठेवल्यावर कस्टमचा अधिकारी थोडा वेळ तिच्याकडे बघतच राहिला. गोरेला, चष्मेवाला गृहस्थ, बोलणं शुद्ध पुण्याचं.

"आत काय आहे?" त्याने विचारलं.

"कपडे, साहेब," महिपत म्हणाला. काळा चष्मा त्याने केव्हाच खिशात घातला होता.

"मग बाहेर एवढं काय आहे?"

महिपत सुंभाचे वेढे बघायला लागला.

"उघडा."

"किल्ली नाय, साहेब."

"किल्ली कुठे आहे?"

"बोटीवर."

"कुठल्या बोटीवर?"

"म्हंजी... टपालात. नैरोबीला चाललीय."

अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. पेटी एकीकडून चाललीय आणि किल्ली दुसरीकडून, हे त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतलं, आणि मग तो शांतपणे म्हणाला, "हे पाहा, आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी ही सोडणार नाही. कुलूप फोडा नाहीतर पेटी इथे ठेवा. आणि पेटी ठेवायची म्हणजे तुम्हीही राहा, कारण हिच्यासाठी मी नंतर कुठे शोधू तुम्हाला?" त्याने शिपायाला कात्री आणायला सांगितलं.

कठड्यापलीकडून गोमाजी ओरडला, "कात्री लावायची नाय!"

सगळी माणसं वळून बघायला लागली. महिपतने मान खाली घातली. अधिकाऱ्याने गोमाजीला खुणेने आत बोलावलं. बहुधा हा नमुना त्याला जवळून बघायचा होता.

"तुम्ही बांधलीत का ही?"

"होय. आन मीच सोडनार. कापायला ती काय चिंधी हाय?" पेटी उघडली तर शब्द गेला; नाही उघडली तर महिपतचं विमान गेलं, सेठची नोकरी गेली. त्याने स्वतःची समजूत घातली, की सरकारने उघडली तर ती चोराने उघडली असं होत नाही. आणि कुलूप तर अजून शाबूत होतं. ते या पोरांच्या बापालाही निघणार नव्हतं. तो गुडघ्यावर बसला आणि सुंभाचे वेढे सोडायला लागला. पाऊण तास गेला. मागची रांग दुसऱ्या टेबलाकडे वळवावी लागली.

मग गोणपाटाची शिवण आली. एक बाजू त्याने भरभर उसवली. दर सातव्या टाक्याला गाठ, सगळ्या जागच्या जागी. दुसऱ्या बाजूला तो आला आणि त्याचा हात थांबला. सात टाके झाले, गाठ नाही. चौदा झाले, गाठ नाही. सबंध बाजूला एकही गाठ नव्हती.

कुणीतरी पेटी उघडली होती. विमानतळावर नाही, गाडीत नाही; गाडीत तो पेटीवर पाय ठेवून बसला होता, त्यापायी कंडक्टरशी भांडलाही होता. म्हणजे गावात. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. पंचवीस वर्षं तो सांगत होता, सगळे चोर आहेत, आणि शेवटी पुरावा हातात आला. त्याने तो टाका डोळ्यांजवळ धरला. बारीक, तिरका, प्रत्येक वेळी अर्धा मागे घेऊन पुढे टाकलेला. आणि त्याने तो ओळखला. तसल्याच टाक्यांच्या गोधडीखाली तो रोज झोपत होता.

तो टाका तुळसाचा होता.

"काय झालं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"काय नाय," गोमाजी म्हणाला आणि राहिलेली शिवण न बघता उसवली.

आता कुलूप उरलं. पितळी, नागाचं. शिपाई हातोडी घेऊन आला. तेवढ्यात सामान वाहणाऱ्या हमालांपैकी एकजण पुढे झाला. मघापासून तो डांबरातला पत्ता वाचत उभा होता. "कुडपनचे काय हो? मी चांगू, महाडजवळच्या नाते गावचा," तो म्हणाला. "थांब रे, फोडू नको. ह्ये आपल्याकडचंच कुलूप हाय." त्याने सदरा वर करून करगोट्याला बांधलेली किल्ली काढली, कुलपात घातली, फिरवली. कुलूप उघडलं.

गोमाजीने कुलूप हातात घेतलं. "तुज्याकडं ही किल्ली कुठनं आली?"

"ही माज्या पेटीची, काका. महाडच्या त्याच दुकानातली. त्या नागाच्या समद्या कुलपांना एकच किल्ली लागते. आमच्या नाते गावात कुनालाबी विचारा. किल्ली हरवली की शेजाऱ्याची आनतात." चांगूने हे अगदी आपुलकीने सांगितलं, गाववाल्याला उपयोगी पडल्याच्या आनंदात. गोमाजीने त्या क्षणी त्याला ढकलून द्यायचं बाकी ठेवलं होतं.

पेटीचं झाकण वर केलं आणि आतून काहीतरी फुगून वर आलं. गोधडी. रंगूबाईच्या चार लुगड्यांची. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं; एक आमसूल हललं नव्हतं. चोराने काही नेलं नव्हतं, उलट चोर ठेवून गेला होता.

अधिकाऱ्याने सगळं चाचपून पाहिलं, मान हलवली, आणि पेटी सगळ्या लवाजम्यासकट तोलायला पाठवली. सव्वीस किलो भरली. "वीसच्या वर नेता येत नाही," तोलणारा म्हणाला. "सहा किलो कमी करा. लवकर करा."

महिपतने दोन्ही हातांनी गोधडी उचलली. ती गोमाजीकडे द्यायला तो वळला आणि वळता वळता थांबला. त्याने ती तोंडाशी धरली. तिला चुलीच्या धुराचा आणि आईच्या अंगाचा वास येत असला पाहिजे, कारण सेठकडे ब्लँकेट असतात म्हणणारा हा बाप्या त्या गर्दीत गोधडीत तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागला. चष्मा खिशातून खाली पडला तो त्याने उचललाही नाही.

"काका, हिला न्या परत," तो कसाबसा म्हणाला. "आयेला द्या."

गोमाजीने तोलणाऱ्याला विचारलं, "ह्या सुंभाचं आन गोनपाटाचं किती भरतं?"

तोलणाऱ्याने दोन्ही काट्यावर टाकून पाहिलं. "सव्वासहा."

पंचवीस वर्षांत गोमाजीने बांधलेली पेटी उघडी करून पुढे पाठवली नव्हती. पण त्याने गोधडी महिपतच्या हातून घेतली, चार घड्या घालून कपड्यांवर ठेवली, गुडघा देऊन दाबली, आणि झाकण लावलं. कुलूप ताणलं गेलं. त्याने ते तसंच लावलं. चांगूने आपली किल्ली करगोट्यातून सोडून महिपतच्या हातात दिली. "ठेव. मी शेजाऱ्याची घेईन," तो म्हणाला. काउंटरवरल्या माणसाने पेटीच्या कडीला एक कागदाचा तुकडा दोऱ्याने बांधला, त्यावर नैरोबी लिहिलं होतं, आणि ती पत्र्याची उघडीबोडकी पेटी पोटाखालच्या दारातून आत गेली.

गोमाजी परत निघाला तेव्हा त्याच्या खांद्यावर वळकटी होती, डोक्यावर डांबराने रंगलेलं गोणपाट, काखेत सोडलेलं सुंभ. एसटीत कंडक्टरने त्या सगळ्याचं वेगळं तिकीट मागितलं आणि गोमाजीने ते मुकाट काढलं, त्याला चोर न म्हणता. महाड सोडल्यावर सावित्रीचा पूल आला. त्याने खिशातून दाभण काढलं. पण खिडकी नेमकी त्याच्या वाट्याला आली नव्हती, तिच्याशी दोन जाड्या बायका बसलेल्या, आणि ड्रायव्हर काही त्याच्या शब्दाखातर गाडी थांबवणार नव्हता. नदी मागे पडली. दाभण परत खिशात गेलं.

घरी तुळसा भाकऱ्या थापत होती. त्याने ओझं टाकलं आणि उभ्याउभ्याच विचारलं, "कुनाच्या किल्लीनं उघडलीस?"

तुळसाने भाकरी परतली. "आपल्याच. आपल्या पेटीच्या. तुमी पोलादपूरला गेलात त्या दिशी. शेवटची गाठबी मी चोरून बघितलेली."

"कदीपास्नं ठाव हाय तुला?"

"लगीन होऊन आले त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्साला. रंगूबाईची किल्ली हरवली व्हती, तवा लावून बघितली."

"आन गावात कुनाकुनाला?"

"बायकांना समद्यांना. बापयांनाबी असंल. तुमी सोडून."

तो त्या ओझ्यावरच बसला. पंचवीस वर्षं कुडपणच्या कुठल्याही घरातली कुठलीही पेटी कुठल्याही किल्लीने उघडत होती, आणि हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी कुणाची चोळी गेली नव्हती. ज्यांना तो उठता-बसता चोर म्हणत आला, त्यांच्या प्रत्येकाच्या खुंटीला सगळ्या गावाच्या पेट्यांची किल्ली टांगलेली होती. त्याला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मग माज्याकडनं बांधून कशाला घेत व्हते?" तो म्हणाला. "मजा बघायला?"

तुळसा हात पुसून त्याच्यासमोर येऊन बसली. "मजा थोडी व्हतीच. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "पन मानूस मुंबईला जायचं म्हंजी झटक्यात जातं. भाकरी बांधली, पेटी उचलली, गेलं. तुमी बांधायला बसता, चार घटका जातात. तेवढा वेळ ते अंगनात दिसतं. तेवढंच बघून घेतात आया."

गोमाजीने भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी शेतावर गेला. आठवडाभर तो कुणाशी धड बोलला नाही, आणि दाभणाबद्दल दिलेला शब्द गावातल्या कुणीही काढला नाही; जणू त्या दुपारी सगळ्यांच्या कानात महिपतच्या विमानातला कापूस होता.

शिमगा झाला आणि हैबती मुंबईला निघाला. त्याची आई ठमाबाई सकाळीच गोमाजीच्या दारात आली. "भावजी, पेटी बांधायला येताव ना?"

गोमाजीने तिच्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं, आणि आता त्याला माहीत आहे हेही तिला माहीत होतं. तो उठला, दाभण घेतलं, सुतळी घेतली, आणि खालच्या वाडीला गेला. अंगणात नेहमीसारखी माणसं जमली होती. त्याने नागाचं कुलूप लावलं आणि किल्ली हैबतीच्याच हातात दिली. मग तो शिवायला बसला, सावकाश, दर सातव्या टाक्याला गाठ मारत. हैबती ओट्यावर बसून आईशी बोलत होता. सुंभाचे आडवे चार वेढे झाले, उभे तीन झाले. शेवटची गाठ मारायला त्याने दोरीची टोकं हातात घेतली आणि सवयीने म्हणाला, "तोंडं फिरवा."

सगळ्यांनी फिरवली. ठमाबाईने नाही. ती पोराकडे बघत होती.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "आनखी एक वेढा घाला."

गोमाजीने टोकं सोडली आणि सुंभ पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतलं.